काळी बिअर आणि घरातले अरिष्ट : दोन पेल्यांत अंतर किती?

परळी वैजनाथ - समुद्रमंथनातून धन्वंतरी अमृतकलश घेऊन वर आला, तेव्हा दानवांपासून रक्षण व्हावे म्हणून विष्णूने अमृत आणि धन्वंतरी या दोहोंना येथील शिवलिंगात दडविले, अशी परळीची स्थलपुराणकथा आहे. वैद्यांचा नाथ तो वैद्यनाथ आणि त्याचेच लोकांच्या तोंडी झालेले रूप वैजनाथ. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या मंदिरात भाविक लिंगाला हात लावून दर्शन घेतात, त्यामागेही ही अमृताची कथाच सांगितली जाते. ज्या गावाच्या नावातच वैद्य आणि अमृत एकत्र आले आहेत, तेथून औषधी वनस्पती आणि आंबवलेले पेय यांच्या नात्याचा विचार सुरू करणे वावगे ठरू नये.

हा विचार करण्याचे निमित्त मात्र शहरातील आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतरच्या दीड दशकात पुणे-मुंबईत छोट्या भट्ट्यांमध्ये तयार होणारी ‘क्राफ्ट बिअर’ रुजली. पिवळ्याधमक, बर्फगार बिअरला सरावलेल्या ग्राहकासमोर आता कॉफीच्या रंगाची बिअर येते. कधी तिच्यात कॉफी किंवा कोको असतो, कधी संत्र्याची साल, धने, मिरी किंवा कोकम. ‘बिअरमध्ये हे असले काही?’ असे आश्चर्य पहिल्या घोटाला व्यक्त होते. परंतु काळसर रंगाचे, झाडपाल्यासह आंबवलेले आणि मद्यार्क असलेले एक पेय अनेक मराठी घरांच्या औषधांच्या फडताळात पिढ्यान् पिढ्या आहे. त्याचे नाव दशमूलारिष्ट. बाळंतिणीला ते दिले जाते, आजोबा जेवणानंतर ते घेतात आणि त्याला कोणी मद्य म्हणत नाही.

ही दोन पेये एकमेकांच्या किती जवळ आहेत आणि त्यांच्यातील फरक नेमका कोठे पडतो, हे समजून घेणे कुतूहलापुरते मर्यादित नाही. घरातील तान्हे मूल, गरोदर स्त्री, यकृताचा रुग्ण किंवा व्यसनातून बाहेर पडू पाहणारा माणूस यांच्या दृष्टीने तो प्रकृतीचा प्रश्न आहे.

काळा रंग येतो कोठून?

बिअरचा पाया म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, अर्थात माल्ट. मोड येताना दाण्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे तयार होतात. हे माल्ट गरम पाण्यात भिजवले की गोड द्रव मिळतो. तो उकळून, गार करून त्यात यीस्ट सोडले की साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. ही झाली सर्वसाधारण बिअर.

काळी बिअर करताना या धान्यातील थोडा भाग काळाकुट्ट होईपर्यंत भाजतात. एकूण धान्याच्या दहाव्या हिश्शाइतके भाजके माल्ट संपूर्ण पेय काळे करायला पुरते. तव्यावरच्या भाकरीला पडणारे डाग, आटवलेल्या दुधाचा बदामी रंग आणि भाजलेल्या कॉफीचा सुगंध ज्या रासायनिक प्रक्रियांतून येतात, त्याच प्रक्रिया येथेही घडतात. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘पोर्टर’ ही गडद बिअर लोकप्रिय झाली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या नळकांड्याचे पेटंट घेतले आणि पुढे पोर्टर व ‘स्टाउट’ यांचा काळा रंग पक्का झाला. एकोणिसाव्या शतकात हीच पोर्टर गोऱ्या शिपायांसाठी जहाजांतून मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात येत असे.

येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. रंग जितका काळा तितकी बिअर कडक, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात रंगाचा आणि मद्यार्काचा थेट संबंध नाही. आयर्लंडची जगप्रसिद्ध काळी ‘गिनेस’ पिंपातून पेल्यात येते तेव्हा तिच्यात सुमारे ४.२ टक्के मद्यार्क असतो. आपल्याकडील पिवळ्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये तो ८ टक्क्यांपर्यंत जातो. अरिष्टाच्या बाबतीतही रंगावरून मद्यार्काचा अंदाज बांधता येत नाही, हे पुढे दिसेलच.

हॉप्सच्या आधीची झुडपे

बिअरचा कडवटपणा धान्यातून फारसा येत नाही. तो येतो ‘हॉप्स’ या वेलीच्या फुलोऱ्यातून. ही वेल भांगेच्या कुळातील आहे. तिच्यातील आम्ले उकळल्यावर कडू होतात आणि पेय आंबट करणाऱ्या अनेक जिवाणूंना रोखतात. म्हणजेच हॉप्स चवीइतकेच टिकाऊपणासाठीही आले. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ मध्ये बिअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक वापरावेत, असा नियम झाला.

त्यापूर्वी युरोपातील अनेक भागांत बिअरमध्ये यॅरो, बॉग मर्टल, जंगली रोझमेरी यांसारख्या वनस्पतींचे मिश्रण घालत. त्याला ‘ग्रुट’ म्हणत. फिनलंडमध्ये आजही ‘साह्ती’ नावाची घरगुती बिअर जुनिपरच्या फांद्यांतून गाळतात. त्यामुळे बिअरमध्ये वेगळ्या वनस्पती घालणे हा आजचा चाळा नसून जुन्या वहिवाटेकडे परत जाणे आहे, असे म्हणता येईल.

आपल्या देशातही याचे उत्तम उदाहरण आहे. आसामातील मिसिंग समाजात ‘पोरो आपोंग’ हे भाताचे काळसर पेय करतात. अर्धवट जाळलेल्या भाताच्या तुसाची व पेंढ्याची राख शिजवलेल्या भातात मिसळतात. तिचा काळा रंग पेयाला येतो. आंबवण्यासाठी अनेक वनस्पतींची पाने कुटून केलेल्या, तांदळाच्या पिठाच्या वाळवलेल्या वड्या वापरतात. आसाममधीलच दिमासा समाजाच्या ‘जुदिमा’ या पेयाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ज्वारीचा विचार केला तर हा धागा थेट मराठवाड्यापर्यंत येतो. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील कारखानदार ज्वारी व मक्याकडे वळले आणि गिनेसची काळी स्टाउटही ज्वारीवर होऊ लागली. बीड जिल्ह्यात ज्या धान्याची भाकरी होते, तेच धान्य पश्चिम आफ्रिकेत काळ्या बिअरचा आधार ठरले. महाराष्ट्रात मात्र धान्यापासून मद्य या कल्पनेला वेगळा संदर्भ आहे. राज्य सरकारने २००७ मध्ये धान्याधारित मद्यनिर्मितीला प्रोत्साहन देण्याचे धोरण आणले, तेव्हा माणसाच्या तोंडचा घास दारूच्या भट्टीत घालायचा का, या प्रश्नावर राज्यभर वाद झाला होता.

अरिष्टाची कृती

आयुर्वेदात आंबवलेल्या औषधांचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. वनस्पती न उकळता पाण्यात घालून केलेले ते आसव आणि काढा करून त्यापासून केलेले ते अरिष्ट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांचे ८४ प्रकार नोंदले आहेत आणि त्यांची वर्गवारी घटकांनुसार केली आहे : धान्यांची ६, फळांची २६, मुळांची ११, झाडांच्या गाभ्याची २०, फुलांची १०, कांडांची ४, पानांची २, सालींची ४ आणि साखरेचे १. आजच्या क्राफ्ट बिअरवाल्यांनी हेवा करावा, अशी ही यादी आहे.

ज्या पाठात प्रमाण दिलेले नाही, त्यासाठी शार्ङ्गधरसंहितेने एक सर्वसाधारण नियम घालून दिला आहे. एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहाव्या हिश्शाइतकी सुगंधी द्रव्यांची भरड. आजच्या मापात तुळा सुमारे ४.८ किलो होते. द्रवाचे माप दुप्पट धरण्याच्या प्रथेनुसार द्रोण साधारण साडेचोवीस लीटर भरतो. या हिशेबाने आंबवण्यास ठेवलेल्या मिश्रणात लीटरमागे २०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. दर १७ ग्रॅम साखरेमागे लीटरभर द्रवात साधारण १ टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे सगळी साखर आंबली तर मद्यार्क १२ टक्क्यांच्या घरात जाईल. प्रत्यक्षात आंबण्याची क्रिया त्याआधीच मंदावते. त्यामुळे बाजारातील बहुतेक अरिष्टांत ५ ते १० टक्के मद्यार्क आढळतो आणि न आंबलेल्या साखरेचा गोडवा मागे राहतो.

या साऱ्यात कळीचा घटक म्हणजे धायटीची फुले. महाराष्ट्रातील डोंगरउतारांवर हिवाळ्याच्या अखेरीपासून लालभडक फुलांनी डवरणारे हे झुडूप. त्याच्या फुलांतील मधुरसावर नैसर्गिक यीस्ट वाढते आणि ते फुलांबरोबर मिश्रणात उतरते. बिअरच्या कारखान्यात यीस्ट वेगळे वाढवून सोडतात, येथे ते फुलांमधून येते. शिवाय फुलांतील टॅनिनमुळे पेयाला तुरटपणा लाभतो. बिअरमध्ये यीस्ट आणि हॉप्स ही दोन वेगळी कामे करतात, तर अरिष्टात धायटी आंबवण्याला चालना देते आणि चवीलाही हातभार लावते.

मिश्रण तूप चोळलेल्या मडक्यात भरून, तोंड कापड-मातीने लिंपून धान्याच्या राशीत सुमारे महिनाभर ठेवण्याची जुनी रीत आहे. धान्याची रास उष्णता एकसारखी राखते. आंबणे चालू आहे की संपले, हे ओळखण्याची परीक्षाही सोपी. मडक्याच्या तोंडाशी पेटती काडी नेली आणि ती विझली, तर कार्बन डायऑक्साइड अजून निघत आहे. काडी जळत राहिली आणि आतला बुडबुड्यांचा आवाज थांबला, की अरिष्ट सिद्ध झाले. पनवेलचे ‘धूतपापेश्वर’ १८७२ मध्ये आणि मुंबईचे ‘सांडू’ १८९९ मध्ये सुरू झाले. अशा कारखान्यांमुळे वैद्याच्या अंगणातील ही कृती बाटलीबंद होऊन घराघरांत पोहोचली.

अरिष्टाचा गडद रंग मुख्यतः गूळ आणि वनस्पतींचा काढा यांतून येतो. दशमूलारिष्टात बेल, शिवण, टेटू, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू या दहा वनस्पतींची मुळे असतात. मनुका, लवंग, दालचिनी, जायफळ, पिंपळी, नागकेशर अशी इतर द्रव्ये धरली तर घटकांची संख्या पन्नासच्या पुढे जाते. दहापैकी पहिली पाच झाडे आहेत. झाडाचे मूळ काढले की झाडच जाते. म्हणून मुळांऐवजी खोडाची साल वापरता येईल का, यावर संशोधन होत आहे. हॉप्सची वेल दर वर्षी नव्याने वर चढते. पाडळ किंवा टेटूच्या बाबतीत तसे होत नाही, हे विसरता येत नाही.

चव कशी ओळखावी?

चाखण्याच्या बाबतीत मराठी माणसाकडे एक आयती शिदोरी आहे. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय हे सहा रस त्याला परिचित आहेत. बोलीभाषेत कटू म्हणजे तिखट, तिक्त म्हणजे कडू आणि कषाय म्हणजे तुरट. काळी बिअर पिणारा नवखा माणूस तिला सरसकट ‘कडू’ म्हणतो; पण जरा लक्ष दिले तर त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी सापडतात. जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो तो हॉप्सचा कडूपणा. करपलेल्या पापुद्र्याची आठवण करून देतो तो भाजक्या माल्टचा खरपूसपणा. आणि कच्च्या सुपारीप्रमाणे गाल आत ओढल्यासारखे वाटते, तो तुरटपणा. तुरटपणा ही काटेकोरपणे चव नाही. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात, तेव्हा तोंड कोरडे पडल्याची ती जाणीव असते.

काळी बिअर बर्फासारखी गार असेल तर तिचा सुगंध दबून जातो. म्हणून ती १० अंश सेल्सिअसच्या आसपास घ्यावी, असे जाणकार सांगतात. आधी वास घ्यायचा, छोटा घोट तोंडात फिरवायचा, गिळल्यानंतर नाकाने श्वास सोडायचा. कॉफी, कोको, गूळ, मनुका यांचे भास याच वेळी होतात. कारण चव म्हणून आपण जे ओळखतो, त्याचा मोठा भाग नाकात घडत असतो. वनस्पती योग्य प्रमाणात पडल्या असतील, तर त्यांचा गंध शेवटी हळूच उमटतो. लवंग किंवा दालचिनी पहिल्याच घोटाला नाकात शिरली, तर भट्टीवाल्याचा हात सैल सुटला असे समजावे.

याच पद्धतीने अरिष्ट चाखले, तर प्रथम गूळ व मनुका, मग लवंग-दालचिनीची ऊब, त्यामागून मुळांचा कडसरपणा आणि अखेरीस धायटीचा तुरटपणा, असा क्रम जाणवतो. फेस मात्र नसतो, कारण वायू निघून गेल्यावरच ते बाटलीत भरतात. दोन्ही पेयांचे घराणे एकच आहे, हे जीभ सांगते. फरक सांगण्याचे काम मात्र मोजमापाकडे जाते.

हिशेब मद्यार्काचा

अरिष्ट ८ टक्के मद्यार्काचे आहे, असे धरू. मोठ्या माणसाची २० मिलीलीटरची एक मात्रा घेतली, तर त्यात १.६ मिलीलीटर, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ३३० मिलीलीटरच्या बाटलीत तो सुमारे १३ ग्रॅम असतो. म्हणजे अरिष्टाची एक मात्रा बिअरच्या छोट्या बाटलीच्या दहाव्या हिश्शाइतकी ठरते. निरोगी प्रौढ माणसाला यातून नशा येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु ४५० मिलीलीटरची अख्खी बाटली कोणी रिचवली, तर सुमारे २८ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे बिअरच्या दोन छोट्या बाटल्यांहून किंचित अधिकच पोटात जाईल. औषध आणि मद्य यांच्यातील रेघ बाटलीत नसून चमच्यात आहे, ती अशी.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब बदलतो. ६० किलोच्या माणसाला २० मिलीलीटरच्या मात्रेतून किलोमागे सुमारे २१ मिलिग्रॅम मद्यार्क मिळतो. ५ किलोच्या बाळाला त्याच तीव्रतेचे आसव एक चमचा, म्हणजे ५ मिलीलीटर दिले, तर किलोमागे सुमारे ६३ मिलिग्रॅम. चमचा छोटा दिसतो, पण वजनाच्या मानाने मद्यार्क तिप्पट जातो आणि बाळाचे यकृतही अजून परिपक्व झालेले नसते. अरविंदासवासारखी औषधे बालकांसाठीच सांगितलेली आहेत. मात्र ती शेजारणीच्या सल्ल्याने वा दुकानातून परस्पर आणून देण्याची गोष्ट नव्हे. बाळाचे वय आणि वजन पाहून मात्रा ठरविणे हे वैद्याचे काम आहे.

अंगावर पाजणाऱ्या मातेच्या दुधात मद्यार्काचे प्रमाण तिच्या रक्तातील प्रमाणाइतकेच असते आणि रक्तातून तो उतरला की दुधातूनही उतरतो. त्यामुळे मात्रा ठरल्याप्रमाणे, पाण्यात मिसळून आणि बाळाला पाजून झाल्यानंतर घेणे शहाणपणाचे. गरोदर स्त्रीने मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. यकृताचा विकार असलेले, मेट्रोनिडाझोलसारखी औषधे घेणारे आणि दारू सोडण्यासाठी डायसल्फिरॅमवर असलेले रुग्ण यांनी अरिष्ट चालू असल्यास ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे. डायसल्फिरॅम घेणाऱ्याला थोड्या मद्यार्कानेही मळमळ, धडधड आणि रक्तदाबात घट असा त्रास होऊ शकतो. ‘आयुर्वेदिक आहे, त्यात कसली दारू’ हा समज येथे महागात पडतो. मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. मद्यार्क स्टाउटचा आहे की अरिष्टाचा, असा भेद शरीर करीत नाही.

वाहनचालकांना पडणारा एक प्रश्नही येथेच निकालात निघतो. कायद्याने १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्काची मर्यादा आहे. अरिष्टाच्या एका मात्रेने तो ३-४ मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. पण मात्रा घेतल्याबरोबर श्वासाची चाचणी झाली, तर तोंडात उरलेल्या मद्यार्कामुळे यंत्र फसवा आकडा दाखवू शकते. औषध घेतल्यावर चूळ भरून १५-२० मिनिटे थांबले की ही अडचण राहत नाही.

कायद्याची रेघ

औषधातील मद्यार्काचा प्रश्न महाराष्ट्राने न्यायालयात लढवून पाहिला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायदा बहुतांशी उचलून धरला. परंतु मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगणे व वापरणे यांवरील बंदी अवाजवी ठरवून तेवढी कलमे रद्द केली. पुढे १९५५ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क कायद्याने आयुर्वेदिक औषधांतील ‘स्वयंजनित’, म्हणजे आंबण्यातून आपोआप तयार झालेला मद्यार्क वेगळा धरला आणि एखादे औषध नेहमीच्या मद्यासारखे पिता येण्याजोगे आहे की नाही, ही कसोटी लावली. बिअरला मात्र परवाना, वय आणि दुकान या तिन्ही अटी लागू आहेत. महाराष्ट्रात ती २१ वर्षांखालील व्यक्तीला देता येत नाही. अरिष्ट औषधाच्या दुकानात कोणालाही मिळते.

येथेच ग्राहकाची जबाबदारी वाढते. बाटलीवर ‘स्वयंजनित मद्यार्क’ किती टक्के, हे बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचावे. मात्रा चमच्याने न घेता बरोबर येणाऱ्या मापाने घ्यावी. घरातील कुणाला कोणता आजार आहे, हे ध्यानात घेऊन मगच बाटली पुढे करावी. आणि शहरातील एखाद्या भट्टीत काळ्या बिअरचा पेला समोर आला, तर त्यातील मद्यार्काचा आकडाही तितक्याच निःसंकोचपणे विचारावा. चव समजून घेण्यात रस आहेच. प्रमाण समजून घेण्यात शहाणपण आहे.